सिल्व्हीच्या गावाला सायकलवरून

सोमूर

"आई, तुझा सायकल खूप खाली आहे. सीट वर कर, नाहीतर गुडघे दुखतील," इरा म्हणाली.

"तुझी सायकल," मी म्हणाले.

"तेच. तुझी सायकल. पण फ्रेंचमध्ये सायकल 'तो'च असतो."

सोमूरला नदीजवळ सायकली भाड्यानं देणारं एक दुकान आहे, त्याच्यासमोर आम्ही तिघं उभे होतो. दुकानदार हसतमुख, मिशीवाला. इरा त्याच्याशी बोलायला लागली आणि तो कुलपं, पंप, पंक्चरचं सामान असं एकेक काढून देताना तिच्याकडे कौतुकानं बघत राहिला. मग माझ्याकडे वळून इंग्लिशमध्ये म्हणाला, "मॅडम, तुमची मुलगी एकही चूक करत नाही. परदेशी लोक 'तो' आणि 'ती'मध्ये हमखास अडकतात. ही नाही."

मी हसून थँक यू म्हटलं. दर शनिवारी सकाळी डायनिंग टेबलाशी बसवून मी या मुलीला मराठी शिकवलं. तिच्या मराठीत अजून रस्ता 'ते' असतो, चूक 'मोठा' असतो आणि घर कधी 'ती' तर कधी 'तो'. आणि फ्रेंचमध्ये एकही चूक नाही!

आधी आमच्याविषयी सांगते. आम्ही नॉटिंगहॅमला राहतो. अनिल, माझा नवरा, हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता, नुकताच रिटायर झाला. मी अजून लॅबमध्ये जाते. इरा आमची एकुलती एक, जन्म नॉटिंगहॅमचाच, नोकरी लीड्सला कौन्सिलमध्ये. युनिव्हर्सिटीत फ्रेंच शिकताना तिला एक वर्ष फ्रान्समध्ये काढायचं होतं. तेव्हा ती ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात, सिल्व्ही नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहिली. सिल्व्हीची स्वतःची द्राक्षबाग आहे, वाइनही ती स्वतःच करते. नवऱ्यापासून कधीच वेगळी झालेली, मूलबाळ नाही. इराचं वर्ष संपलं, पण त्या घरातून तिचा पाय काही निघाला नाही. नोकरी लागल्यावरही दर सप्टेंबरला रजा काढून ती द्राक्षतोडणीला जायची.

आणि आमच्या घरात 'सिल्व्ही म्हणते' सुरू झालं. सिल्व्ही म्हणते, टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत. सिल्व्ही म्हणते, उभ्यानं खायचं नाही. सिल्व्ही म्हणते, जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. हेच मी वर्षानुवर्षं सांगत होते, तेव्हा त्याला नॅगिंग म्हणत.

मग "यंदा तुम्ही पण चला ना, सायकलनी हळूहळू जाऊ आणि शेवटी सिल्व्हीकडे राहू," असा इराचा फोन आला, तेव्हा अनिल द्राक्षांच्या प्रदेशात जायचं म्हणून हो म्हणाला. मी त्या बाईंना एकदा बघून घ्यायचं म्हणून हो म्हणाले.

अनिलनं बॅटरीची सायकल घेतली. मला दुकानदार तीच देत होता, पण मी आधीच इराला विचारून ठेवलं होतं.

"सिल्व्हीची कुठली आहे?"

"साधी. तिला ती बॅटरी वगैरे नाही आवडत."

"मग मलाही साधीच."

सिल्व्ही माझ्यापेक्षा मोठी आहे. तिला चालते ती मला का नाही चालणार?

नदीकाठची वाट

ल्वार ही नदी आपल्या कृष्णेसारखी पसरट आहे. सप्टेंबरात पाणी कमी, मध्ये वाळूची बेटं, त्यावर पांढरे बगळे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या दगडाचा कडा. तो दगड इतका मऊ की सुरीनं कापता यावा. शेकडो वर्षं लोकांनी तो खणून वाडे आणि चर्च बांधली आणि खणल्यावर जी पोकळी राहिली तिच्यात स्वतः राहायला गेले. अजूनही राहतात. कड्यात दार, खिडकी, खिडकीत जिरेनियमची कुंडी आणि वर डोंगरातूनच निघालेलं धुराडं. एका गावात तर सायकलची वाट चक्क गुहेतून जाते. आत गारवा, ओल्या मातीचा वास, आणि इराचा पुढून येणारा आवाज, "बेल वाजवा, बेल वाजवा!"

आम्ही दोघांनी नॉटिंगहॅमच्या सवयीनं पिवळी चमकदार जाकिटं घातली होती. तिकडे ती नसली तर आपण गाडीवाल्यांना दिसत नाही, आणि असली तरी काच खाली करून एखादा काहीतरी ऐकवून जातोच. इथे मागून गाडी आली तर ती निमूट मागे राहायची, रस्ता रुंद होईपर्यंत. मला तर भीतीच वाटायची, की हा आता काय करणार? तो काहीच करायचा नाही. जाताना हात करायचा.

"आई, ते जॅकेट काढ ना," इरा म्हणाली. "तू रोडवर्क्ससारखी दिसतेस."

काढलं. अनिलनं नाही काढलं. त्याला कुणी काही म्हटलेलं लागतच नाही. हेवा करावा असा हाही एक गुण.

दुपारी जेवायला एका गुहेत गेलो. तिथे मोठी भट्टी होती आणि एक बाई पिठाच्या लहान लहान लाट्या लाटून आत सरकवत होती. डोळ्यांदेखत त्या टम्म फुगायच्या आणि परडीतून टेबलावर यायच्या. फोडायच्या, आत लोणी घालायचं, नाहीतर शिजवलेले पांढरे घेवडे, नाहीतर शेळीच्या दुधाचं चीज. इराला वाटलं मी थक्क होईन.

"हा तर फुलका आहे," मी म्हणाले. "थोडा जाड."

"फूए म्हणतात त्याला."

"म्हणू देत. फुलकाच आहे."

पण खरं सांगते, मी सहा खाल्ले. आणि खाताना शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याकडे बघत राहिले. सत्तरीच्या पुढचे असतील. त्यांच्या सायकली बाहेर आमच्या सायकलींना टेकून उभ्या होत्या. आम्ही आलो त्याआधीपासून ते जेवत होते, आणि आम्ही निघालो तेव्हा त्यांची कुठे कॉफी येत होती. आमच्या लॅबमध्ये लोक कीबोर्डवर वाकून सँडविच खातात आणि मग तो उलटा करून चुरा झटकतात. या देशात जेवायला एवढा वेळ कुठून आणतात, कोण जाणे! मला त्या दोघांचा, त्यांच्या वेळेचा, अगदी त्यांच्या कॉफीचाही राग आला.

पुढे तुर्कां नावाच्या गावात सफरचंदं सोलून, भट्टीत वाळवून आणि ठोकून चपटी करतात. ती वाइनमध्ये भिजवून पुन्हा फुगवतात. एक तुकडा तोंडात टाकला आणि मला माझ्या भावाच्या शेडमधल्या बेदाण्यांची आठवण आली. इराच्या मामाची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. डोक्यावर मांडव, खाली सावली, वर हात केला की घड हाताला लागतो. इराला आम्ही दोनदा तिथे नेलं होतं. पहिल्यांदा तिला डास चावले. दुसऱ्यांदा ती मामाच्या ओसरीवर नेटवर्क शोधत बसली.

इथे मात्र ती रस्त्याकडेला सायकल थांबवून वेलीखाली वाकत होती, पान उलटं करून बघत होती, एक मणी तोडून तोंडात टाकत होती आणि बी दातानं फोडून रंग बघत होती.

"अजून एक आठवडा," ती बाबाला म्हणाली. "बी ब्राऊन झालं पाहिजे."

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

उत्तर मला माहीत होतं.

कांद

पहिला मुक्काम कांद नावाच्या चिमुकल्या गावात होता. इथे व्हिएन नदी ल्वारला येऊन मिळते. चर्चमागची चढण चढून गेलं की वरून संगम दिसतो. दोन वेगळ्या रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतं आणि मग कुठेतरी एक होतं.

माझं माहेर सांगलीचं. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथे चिंचांच्या झाडांखालून सायकलवर जायचो आम्ही मैत्रिणी. डबलसीट, वाऱ्यानं वेण्या सुटलेल्या. हे सगळं इराला सांगावं असं मला इतकं आतून वाटलं की मी तोंड उघडलंही.

"माझा फेव्हरेट जागा आहे हा," इरा तेवढ्यात म्हणाली. "पहिल्या वर्षी मला खूप होमसिक झालं होतं ना, तेव्हा सिल्व्ही मला इथे घेऊन आली. आम्ही इथे बसून चेरीज खाल्ल्या."

मी तोंड मिटलं. तिला होमसिक झालं होतं, हे मला आज कळत होतं. फोनवर ती रोज सांगायची, "मस्त चाललंय आई, ऑल गुड." तिचं रडं एका परक्या बाईनं बघितलं होतं आणि तिला चेरी दिल्या होत्या. आता इथे हरिपूर सांगायला गेले असते तर मीच चोरासारखी दिसले असते.

"छान आहे," मी म्हणाले.

"आई, तू ओके आहेस?"

"पाय दुखताहेत."

फोंतव्हरो

दुसऱ्या दिवशी चढ लागला. बॅटरीवाला अनिल शिट्टी वाजवत पुढे गेला. मी उतरून सायकल ढकलली. इरा माझ्याबरोबर चालत होती, पण तीही अधूनमधून असं बघायची की ही बिचारी किती हळू आहे.

चढावर फोंतव्हरोचा प्रचंड मठ आहे. तिथे इंग्लंडचा एक राजा पुरलाय, याची मला कल्पना नव्हती. शेजारी त्याची राणी, आणि पायाशी त्यांचा मुलगा, तोही पुढे राजा झाला. नॉटिंगहॅमची शाळकरी मुलं ज्या राजाच्या गोष्टी ऐकत मोठी होतात तो हाच, आणि तो इथे फ्रान्समध्ये झोपलेला! चौघांच्या दगडी मूर्ती आहेत, रंग थोडेथोडे शिल्लक. चौथी एका सुनेची. बाकीचे सगळे मेल्यासारखे पडलेत, राणी मात्र पडल्यापडल्या पुस्तक वाचतेय.

अनिल माहितीचा फलक वाचून दाखवत होता. राणीनं नवऱ्याशी भांडून मुलांची बाजू घेतली, त्यानं तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं, म्हातारपणी ती इथे येऊन राहिली, वगैरे.

"लकी आहे," मी म्हणाले.

"कैदेत होती ती, अगं."

"मुलगा जवळ आहे ना पण."

अनिलनं फलकावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की त्याला कळतं, आणि कळलं तरी काही बोलू नये हेही कळतं.

तिथून सिल्व्हीचं गाव जवळच. उताराला मी ठरवलं की आता पुढे आपण जायचं. इरा मागून ओरडत होती, "आई, स्लो डाउन, पुढे ग्रॅव्हल आहे!" पण मला सिल्व्हीच्या दारात ताठ बसून, घाम न येता, पहिल्या नंबरानं पोचायचं होतं. ग्रॅव्हल होतीच. पुढचं चाक सरकलं, सायकल एकीकडे, मी द्राक्षांच्या ओळीत. ओळीच्या टोकाला इथे गुलाबाचं झुडूप लावायची पद्धत आहे. वेलीवर भुरीची बुरशी पडायची असेल तर ती आधी गुलाबावर दिसते म्हणतात. मी त्या गुलाबात पडले.

अनिल येऊन पोचला. माझ्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, मनगट फिरवलं आणि "काही मोडलेलं नाही" असं जाहीर केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरचा पडलेल्या बायकोला याहून जास्त उपयोग नसतो. हँडल मात्र वाकडं झालं होतं. इरानं फोन केला, आणि काही मिनिटांत खडखडत एक पांढरी व्हॅन आली.

तर असं आमचं पहिलं दर्शन. मी मातीत बसलेली, कोपर सोललेलं, केसात गुलाबाच्या पाकळ्या. आणि समोर उंच, उन्हानं रापलेली, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची, गमबूट घातलेली एक बाई. तिनं इराच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, मग खाली वाकून माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश, एकेक अक्षर पाठ केल्यासारखी म्हणाली,

"जेवलीस का?"

मला हसू आलं, मग रडूच यायला लागलं. दोन्ही आवरलं.

"तू तिला हे शिकवलंस?" मी इराला विचारलं.

"तू प्रत्येक फोनला पहिलं हेच विचारतेस ना. तिला वाटतं हे आपलं हॅलो आहे."

सिल्व्हीच्या घरी

गावाचं नाव मी देत नाही, सिल्व्हीला आवडणार नाही. एक चर्च, एक बेकरी, तीही आठवड्यातून काही दिवस बंद, आणि बाकी द्राक्षं. सिल्व्हीचं घर अर्धं बांधलेलं आणि अर्धं डोंगरात. डोंगरातल्या भागात पिंपं आणि बाटल्या.

मला कोपराला मलम लावून खुर्चीत बसवलं होतं. तिथून मी स्वयंपाकघर बघत होते. इरा कपाट उघडायची ते बरोबर हवं तेच. कुठल्या खणात सुऱ्या, कुठल्या बरणीत मीठ, गॅसचं कुठलं बटण अडकतं आणि ते थोडं दाबून फिरवायचं, सगळं तिला ठाऊक. नॉटिंगहॅमला आली की ही मुलगी मला विचारते, "आई, चाळणी कुठे आहे?"

आणि मग वास आला. हिंगाचा.

"सरप्राइज!" इरा म्हणाली.

सिल्व्हीनं वरणभात केला होता. इरानं शिकवलेला. डाळ हिरवट, फ्रेंच मसुरीसारखी, फोडणी तुपाऐवजी लोण्याची, आणि जिरं जरा करपलेलं. वर लिंबू.

मी कधी इराला वरण शिकवलं नव्हतं. म्हणजे, तिला शिकायचं नव्हतं. "आई, तू करतेस तेच बेस्ट, मी कशाला?" असं म्हणायची. मग ही कधी शिकली? माझ्या पाठीशी उभी राहून बघत असणार. आणि बघितलेलं इथे आणून या बाईला दिलं.

"कसं झालंय?" सिल्व्हीनं इंग्लिशमध्ये विचारलं. तिची नजर माझ्या चमच्यावर होती.

"जिरं करपलंय," मी म्हणाले.

"आई!" इरा म्हणाली.

पण सिल्व्ही हसली नाही की रागावलीही नाही. तिनं मान हलवली. "हो ना? मलाही वाटलं. इरा म्हणाली की तसंच असतं." आणि इराकडे वळून ती काहीतरी फ्रेंचमध्ये बोलली. इरा लाल झाली.

मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल आणि इरा बेकरीत गेले आणि सिल्व्ही मला बाग दाखवायला घेऊन गेली. उतारावर कमरेएवढ्या वेलींच्या ओळी, धुकं नुकतं उठलेलं, पानांवर दंव. इथे सावलीचा मांडव नाही, प्रत्येक झाड उन्हात एकटं उभं. मी तिला मामाच्या बागेबद्दल सांगितलं, वर्षातून दोन छाटण्या करतात म्हटलं, तर ती थांबलीच. "दोन? आणि वेल विश्रांती कधी घेते?" खूप प्रश्न विचारले तिनं. मला आवडायला लागली होती, हे कबूल करायला जीव जात होता.

"आमची एकच," ती म्हणाली. "हिवाळ्यात. फार थंडी असते, बोटं सुन्न होतात. जानेवारीत इरा आली की आधी मी तिला ही ओळ देणार आहे. ही सगळ्यात जुनी आहे. इथे चुकलं तरी वेल माफ करते."

"जानेवारीत," मी म्हणाले.

"कोर्स तेव्हाच सुरू होतो ना. आठवड्यातले काही दिवस कॉलेज, बाकी इथे." ती बोलत होती आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. "तिनं तुम्हाला…"

"हो, हो," मी म्हणाले. "सांगितलंय ना. जानेवारीत."

मी का खोटं बोलले? माझ्या मुलीची गोष्ट माझ्याआधी तिला माहीत आहे, हे तिला कळू नये म्हणून. तिला कळलंच होतं. ती वळली आणि उगीचच एका वेलीचं पान खुडत राहिली. मीही दुसरं एक खुडलं.

शिनोंच्या वाटेवर

त्या दिवशी आमचं शिनों नावाच्या जवळच्या गावाला जायचं ठरलं होतं. सिल्व्हीनं माझ्या सायकलचं हँडल सरळ करून ठेवलं होतं. व्हिएनच्या काठानं सपाट, सुंदर रस्ता. सूर्यफुलं वाळून माना टाकून उभी. एका म्हाताऱ्यानं कुंपणावरून आम्हाला अंजीर दिले. त्याला मी धन्यवाद दिले की नाही, आठवत नाही. अनिल पुढे निघून गेला, बहुधा मुद्दामच.

एका छोट्या पुलावर मी सायकल थांबवली.

"जानेवारीत," मी म्हणाले.

इरा उतरली. सायकल कठड्याला टेकवली.

"सिल्व्हीनं सांगितलं?"

"तिला वाटलं मला माहिताय. तिच्यावर चिडू नकोस. नोकरी सोडलीस?"

"ऑक्टोबरमध्ये नोटीस देणार. दोन वर्षांचा कोर्स आहे, वाइन-मेकिंग. मला तुला तोंडावर सांगायचं होतं. म्हणून तर ही ट्रिप. तू इथे येऊन बघितलंस की मग… आय कीप्ट वेटिंग फॉर द राइट टाइम."

"आणि तिला कधी सांगितलंस?"

"ईस्टरला."

ईस्टरला! तेव्हापासून सगळा उन्हाळा ही आमच्याकडे येत-जात होती. माझ्या आवाजाला धार आली.

"जन्मल्यापासून तुला मी वाढवलं, आणि पहिलं सांगायचं ते तिला? काय आहे तिच्याकडे असं? द्राक्षंच हवी होती तर मामाकडे होती. माझ्याशी बोलताना तुला शब्द सापडत नाहीत, तिच्याशी सगळे सापडतात!"

"आई, प्लीज. ऐक ना."

"ऐकतेय."

ती रडत नव्हती. कठड्यावरची शेवाळाची पापुद्री नखानं काढत होती.

"सिल्व्हीला सांगणं ईझी होतं," ती म्हणाली. "कारण ती नो म्हणाली असती ना, तर मी दुसरीकडे कुठेतरी गेले असते. दुसरा बाग शोधला असता. तिच्या 'नो'नी मला काही फरक पडला नसता. पण तू नो म्हणालीस तर मी नाही जाणार. म्हणून तुला सांगायला मला भीती वाटत होती. तिला नाही वाटली."

खाली पाणी वाहत होतं. पुलावरून एक गाडी आली, आमच्या सायकली बघून थांबली आणि आम्ही बाजूला होईपर्यंत थांबूनच राहिली.

खरं सांगू? त्या क्षणी मला आधी आनंद झाला. शुद्ध, क्षुद्र आनंद. सिल्व्हीवर मी जिंकले होते. आणि लगेच मागोमाग कळलं, की हे जिंकणं वापरायचं म्हटलं तर एकाच पद्धतीनं वापरता येईल. नाही म्हणायचं. मग ती लीड्सला राहील, माझी राहील, दर महिन्याला घरी येईल आणि सप्टेंबरात खिडकीबाहेर बघत बसेल.

"थंडीत बोटं सुन्न होतात म्हणे," मी म्हणाले.

"काय?"

"छाटणीला. चांगले हातमोजे लागतील. मी नॉटिंगहॅमहून आणते, इथले कसे असतात कोण जाणे."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिनं मला मिठी मारली, माझ्या सोललेल्या कोपरासकट. मी ओरडले. दोघी हसलो. हसताना मीच रडले, ती नाही.

शिनोंला पोचलो तेव्हा अनिल चौकात छत्रीखाली बसला होता, समोर लाल वाइन, चेहऱ्यावर परमशांती.

"झालं बोलून?" त्यानं विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"काल रात्री सांगितलं तिनं. मी म्हटलं, आईला सांग आधी."

त्यालाही माझ्याआधी! पण त्या दिवसापुरता माझा सगळा मत्सर खर्च होऊन गेला होता. मी त्याचा ग्लास उचलला आणि रिकामा केला.

सोमूर स्टेशन

आम्ही दोघं परत निघालो, इरा तोडणीसाठी राहिली. सिल्व्हीनं व्हॅनमधून आम्हाला स्टेशनवर सोडलं. इरा आणि अनिल बॅगा घेऊन प्लॅटफॉर्मवर गेले. मी आणि सिल्व्ही व्हॅनशी उभ्या राहिलो. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, आणि मधली इंग्लिश दोघींचीही पाहुणीच.

"तुम्ही येणार म्हणून मी आठवडाभर घर घासत होते," ती एकदम म्हणाली. "तुमची मला फार भीती वाटत होती."

"मला तुमचा फार राग येत होता," मी म्हणाले. "अजून येतो."

"हो," ती म्हणाली. "येणारच."

ती त्यावर काही समजूत घालायला गेली नाही. म्हणून असेल, पण मी बोलायला लागले.

"तुमच्याकडे तिला कधी वाईट वाटलं तर ती रडणार नाही. गप्प होईल. विचारलंत तर म्हणेल, आय अ‍ॅम फाइन. पुन्हा विचारायचं नाही. काहीतरी निवडायला घ्यायचं, मटार, घेवड्याच्या शेंगा, काहीही, आणि तिच्या शेजारी जाऊन बसायचं. तिच्याकडे बघायचं नाही. थोड्या वेळानं ती आपणहून एक शेंग उचलते. मग दुसरी. मग बोलायला लागते. आणि ती बोलत असताना आपण हात थांबवायचा नाही, नाहीतर ती पुन्हा गप्प होते."

सिल्व्ही ऐकत होती. खिशातून हात बाहेर काढून तिनं अंगठा आणि बोट एकावर एक घासलं, शेंग सोलल्यासारखं.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "मी तिला विचारत राहायचे."

"विचारायचं नाही."

"शेंगा."

"हो. शेंगा."

गाडी आली. इरानं आम्हाला दोघांना मिठ्या मारल्या, खिडकीबरोबर थोडं धावली, मग थांबली. सिल्व्ही तिच्या मागे येऊन उभी राहिली. ती इराकडे बघत नव्हती, दुसरीकडेच कुठेतरी रुळांकडे बघत होती. शिकली होती!

सोमूर मागे पडलं, नदी दिसेनाशी झाली. अनिलनं सँडविचचा कागद सोडला आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"सगळं सांगून टाकलं मी तिला," मी म्हणाले. "एवढी एक गोष्ट तरी माझ्याजवळ ठेवायला हवी होती."